प्रश्न विचारणारे कीर्तन

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वऱ्हाडच्या खेड्यांना एक दृश्य परिचयाचे झाले होते. भल्या सकाळी एक माणूस गावात येई. अंगात रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची फुटकी काच आणि हातात खराटा. कोणाशी फारसे न बोलता तो गावाचा रस्ता झाडू लागे. पोरे त्याच्या मागे हुर्यो करीत फिरत, कुत्री भुंकत, बायाबापड्या दारात उभ्या राहून हसत. दुपारपर्यंत गटारे मोकळी होत आणि हसणाऱ्यांपैकी काहीजण शरमेने का होईना, पण खराटा हाती घेत. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई आणि सकाळचा तो वेडगळ माणूस कीर्तनकार म्हणून उभा राहिलेला पाहून गाव चकित होई. तो माणूस म्हणजे संत गाडगेबाबा.

बाबांच्या कीर्तनाची कीर्ती पुढे महाराष्ट्रभर पसरली. पंढरपूरच्या वाळवंटात त्यांना ऐकण्यासाठी प्रचंड समुदाय लोटू लागला. परंतु या कीर्तनाची घडण झाली ती अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील लहान गावांत, नदीकाठच्या जत्रांत आणि चावडीपुढच्या मोकळ्या जागेत. तेथे कीर्तनकार आणि श्रोता यांच्यात हाताचे अंतर असे. श्रोत्याला अंधारात दडून ऐकण्याची सोय नव्हती. बाबांचे आयुष्य समजून घ्यायचे, तर या कीर्तनाकडे पाहावे लागते. आणि हे कीर्तन समजून घ्यायचे, तर दापुरीच्या शेतापर्यंत मागे जावे लागते.

शेंडगाव ते दापुरी

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी गेले होते. घरची होती नव्हती ती मिळकत त्या व्यसनात गेली आणि १८८४ साली त्यांचे निधन झाले. त्या वेळी डेबूजी अवघे आठ वर्षांचे होते. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी येथे आल्या. आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभानजी यांच्या आश्रयाने मायलेकरांचे दिवस जाऊ लागले.

डेबूजींना शाळेचा उंबरठा लाभला नाही. गुरे राखणे, नांगर धरणे, गोठा झाडणे या कामांत त्यांचे बालपण सरले. रात्री गावातील भजनात ते आवडीने बसत आणि तेथे ऐकलेले अभंग त्यांच्या मुखी राहत. पूर्णा नदीच्या परिसरातील या मुलाचे पोहण्यातील कौशल्यही पंचक्रोशीत परिचित होते. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने पुढे तुकोबा आणि कबीर यांची वचने शेकडो कीर्तनांत मुखोद्गत म्हटली. त्या पाठांतराची शाळा म्हणजे दापुरीची ही रात्रीची भजने होत.

मामाच्या घरी सुबत्ता होती, पण ती टिकली नाही. सावकाराच्या कागदांवर अंगठे उठत गेले, व्याज वाढत गेले आणि एके दिवशी जमीन हातची गेली. या धक्क्याने चंद्रभानजी खचले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबूजींनी नांगर सोडण्यास नकार देऊन त्यांना शेतातून हुसकावले, असे चरित्रकार सांगतात. वडिलांना दारूने नेले, मामाला कर्जाने. पुढे बाबांच्या कीर्तनात दारू आणि कर्ज हे दोन विषय क्वचितच सुटले. त्यांच्या घराला या दोन्हींची झळ लागलेली होती.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. थोरल्या मुलीच्या बारशाच्या वेळी डेबूजींनी जातीच्या रूढीला पहिला धक्का दिला. अशा प्रसंगी मांसाचे आणि दारूचे जेवण घालण्याची रीत होती. जातीतील मंडळी त्याच अपेक्षेने पंगतीला बसली. पानात वाढले गेले ते गोडाचे जेवण. भाऊबंद संतापले, देवाचा आणि जातीचा कोप होईल, असे बजावले गेले. डेबूजी बधले नाहीत. आधी कृती आणि मग बोलणे, ही त्यांची पुढील आयुष्यातील पद्धत या पंगतीतच दिसते.

गृहत्याग आणि ऋणमोचनचा घाट

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. घरात आई, पत्नी आणि लेकरे होती. या गृहत्यागाचे वर्णन करताना वैराग्याचा गौरव पुष्कळ होतो. मागे राहिलेल्या कुंताबाईंनी उपसलेल्या कष्टांची नोंद त्या मानाने कमी होते. पुढे बाबांनी लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्या कुटुंबाला त्यांतील सुखसोयींचा लाभ घेऊ दिला नाही. सार्वजनिक पैशाच्या बाबतीतील त्यांची ही कठोरता आदरास पात्र आहे. तिचा भार मात्र घरच्यांनी उचलला.

त्यानंतरची १२ वर्षे ते भटकत राहिले. हातात मातीचे गाडगे असे. त्यातच भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे. भाकरी फुकट घ्यायची नाही, आधी कोणाचे तरी लाकूड फोडायचे, अंगण झाडायचे, ओझे उचलायचे, हा नेम होता. या गाडग्यावरूनच गाडगेबाबा हे नाव रूढ झाले. निरनिराळ्या भागांत त्यांना चिंधेबुवा, गोधडेबुवा, लोटके महाराज अशीही नावे पडली. आपण कोण, कोठले, हे सांगण्याची त्यांना आवड नव्हती, म्हणून लोकांनीच वेषावरून नावे ठेवली.

अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नावाप्रमाणे तेथील स्नानाने ऋणातून मुक्तता होते, अशी श्रद्धा. प्रत्यक्षात नदीचा काठ चिखलाचा होता. उतरताना म्हातारीकोतारी घसरून पडत. बाबांनी तेथे यात्रेकरूंची वाट नीट करण्याचे काम हाती घेतले. १९०८ च्या सुमारास लोकांच्या श्रमातून आणि वर्गणीतून तेथे घाट बांधला गेला. ज्याच्या मामाची जमीन ऋणात बुडाली, त्याने आपल्या पहिल्या मोठ्या लोककार्यासाठी ऋणमोचनचाच काठ निवडावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. मात्र स्नानाने कर्ज फिटते, असे बाबांनी कधी सांगितले नाही. कर्ज काढूच नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

कीर्तनाचा निराळा घाट

महाराष्ट्राला कीर्तनाची परंपरा नवी नव्हती. नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे, पेटी-तबल्याची साथ असे, पुराणातील आख्यान असे. वारकरी कीर्तनात टाळ-मृदंगाच्या गजरात अभंगाचे निरूपण होई. बाबांनी या दोन्ही परंपरांतून भक्तीचा सूर घेतला आणि बाकीचा साज बाजूला ठेवला. आख्यान नाही, पोथी नाही, बुवांचा फेटा आणि उपरणे नाही. देवकीनंदन गोपालाच्या नामाचा गजर आणि हजार हातांच्या टाळ्या, एवढीच साथ. भाषा वऱ्हाडी, शेतकऱ्याच्या ओट्यावरची. पंडिताला ती गावंढळ वाटली असेल, पण गावातील शेवटच्या माणसाला ती पुरती कळे.

या कीर्तनाचा खरा विशेष प्रश्नोत्तरांत होता. देव किती, असा साधा प्रश्न बाबा विचारीत. समुदायातून एक असे उत्तर येई. मग गावात खंडोबा आहे का, मारुती आहे का, मरीआई आहे का, असे विचारीत ते एकेक होकार मिळवीत आणि शेवटी बेरीज करायला लावीत. एकाचे इतके कसे झाले, हे कोडे श्रोत्यांपुढे राही आणि हास्याचा कल्लोळ उठे. देवळातील दिवा विझला तर देव दिसत नाही, मग मोठा कोण, देव की दिवा? देवापुढे नैवेद्य ठेवून पुजारी हातात काठी घेऊन का बसतो? कुत्र्याला हाकलण्याचे काम देवाला का जमत नाही? सत्यनारायणाच्या प्रसादाने वाण्याची बुडालेली नौका वर येते, तर समुद्रात बुडालेल्या बोटी त्याच उपायाने बाहेर का काढू नयेत? प्रत्येक प्रश्नाला उत्तर श्रोत्यानेच द्यायचे असे. एकदा तोंडून होकार गेला, की माघार घेता येत नसे, कारण शेजारी बसलेल्या साऱ्या गावाने तो ऐकलेला असे.

हसवता हसवता बाबा मुद्द्यावर येत. नवसाला बकरे कापू नका. दारूला शिवू नका. लग्नासाठी, तेराव्यासाठी, तीर्थयात्रेसाठी कर्ज काढू नका. अंगावर कमी किमतीचे कापड घाला, घरातील ताटवाट्या विकाव्या लागल्या तरी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलाला शाळेत घाला. शिवाशीव पाळू नका. हा उपदेश ते विनंतीच्या स्वरात करीत. समोरच्या अडाणी शेतकऱ्याला ते मायबाप समजून बोलत. मात्र कीर्तन संपल्यावर कोणी पाया पडू लागला, तर हातातील काठी उगारीत. आपल्याला कोणी शिष्य नाही आणि आपण कोणाचे गुरू नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले. अनेकदा गाव जागे होण्यापूर्वीच ते पुढच्या वाटेला लागलेले असत.

कलेच्या इतिहासात अशा लहान जागी घडलेल्या कार्यक्रमांची उदाहरणे अन्यत्रही सापडतात. जून १९७६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात एका छोट्या सभागृहात सेक्स पिस्टल्स या पंक वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. श्रोते थोडेच होते. त्यांतील काहींनी पुढे स्वतःचे वाद्यवृंद उभारले आणि इंग्रजी संगीताला नवे वळण दिले. फाटके कपडे, रोखठोक भाषा, प्रतिष्ठितांची पर्वा न करणे ही या पंक पंथाची ओळख होती. त्या साली बाबांच्या जन्माला शंभर वर्षे झाली होती. दोहोंचा विषय आणि हेतू अगदी वेगळा. त्या बंडात विध्वंसाचा आवेश होता, तर या फाटक्या वेषामागे करुणा होती. तरीही एक धागा समान आहे. बघ्या म्हणून आलेल्या माणसाला बघ्या राहू न देण्याचे सामर्थ्य समोरासमोरच्या लहान जागेतच असते. बाबांच्या कीर्तनाला आलेला माणूस घरी जाताना दारू सोडण्याचा शब्द देऊन बसलेला असे.

कीर्तनातून उभ्या राहिलेल्या वास्तू

कीर्तन ऐकून लोकांनी दिलेल्या पैशांतून बाबांनी दगड-विटांची कामे उभारली. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या अस्पृश्य समाजातील वारकऱ्यांना उतरायला जागा मिळत नसे. बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन करण्यात आली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. मूर्तिजापूरला गोरक्षण आणि शिक्षणाचे काम उभे राहिले. या कामांची व्यवस्था नीट चालावी, म्हणून ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. देवळे बांधण्याऐवजी धर्मशाळा, अन्नछत्रे आणि वसतिगृहे यांकडे त्यांचा ओढा राहिला.

शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाचे शिक्षणप्रेम विलक्षण होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या पाठीशी ते उभे राहिले. भाऊरावांनी १९५४ साली कराड येथे स्थापन केलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव दिले. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली त्यांचे चरित्र लिहिले, तर गो. नी. दांडेकर यांच्यासारखा लेखक तरुण वयात त्यांच्या सहवासात राहिला आणि पुढे त्याने त्यांचे चरित्र मराठी वाचकांना दिले.

कीर्तनाच्या व्रताची कसोटी पाहणारा प्रसंग १९२३ साली आला. कोकणातील खारेपाटण येथे असताना तरुण मुलगा गोविंदा याच्या निधनाची वार्ता बाबांना कळली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज असंख्य माणसे जातात, त्यांतील एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे बोलून ते पुढे कीर्तन करीत राहिले, असे चरित्रांत नमूद आहे. या प्रसंगाने ऐकणारे हेलावून जातात; तथापि, त्या रात्री शेकडो मैलांवर वऱ्हाडात कुंताबाई एकट्या होत्या, हेही त्याच प्रसंगाचे एक अंग आहे.

अखेरचे पर्व

१९५६ साल उजाडले तेव्हा बाबांची ऐंशी वर्षे पुरी होत आली होती आणि प्रकृती खालावली होती. तरी कीर्तने थांबली नाहीत. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर त्यांचे कीर्तन झाले. हे त्यांचे अखेरचे मोठे कीर्तन मानले जाते. सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि बाबांचा आवाज पुढच्या पिढ्यांना ऐकता आला. हजारो रात्रींपैकी ही एक रात्र तेवढी आवाजाच्या रूपाने शिल्लक राहिली. थकलेल्या देहातूनही प्रश्नांचा मारा कसा सुटत असे, याची कल्पना त्यावरून येते.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्या वार्तेने बाबांना अतीव दुःख झाले. त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांची प्राणज्योत मालवली. पूर्णेच्या खोऱ्यात सुरू झालेला प्रवास त्याच वऱ्हाडच्या मातीत संपला. अमरावतीत जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, तेथे त्यांची समाधी आहे आणि तो परिसर गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

मागे काय उरले

स्मारकांची आवड नसलेल्या बाबांची स्मारके त्यांच्या पश्चात पुष्कळ झाली. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या देवकीनंदन गोपाला या १९७७ सालच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी त्यांची भूमिका साकारली. १९९८ साली टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. महाराष्ट्र शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि गावोगावचे रस्ते खराट्याने झाडले गेले. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. कधीही शाळेत न गेलेल्या माणसाच्या नावाची पदवी वऱ्हाडातील मुले-मुली घेतात, यातील औचित्य कोणालाही मान्य व्हावे.

मात्र या सर्व गौरवात बाबांचा खराटा जेवढा पुढे आला, तेवढे त्यांचे प्रश्न पुढे आले नाहीत. रस्ता झाडण्याचे अभियान निघू शकते. नवस, हुंडा, दारू आणि उधळपट्टी यांविषयी गावाला भर चावडीत उलटतपासणीला उभे करणारे अभियान निघणे कठीण. बाबांच्या दृष्टीने दिवसाची झाडलोट ही रात्रीच्या कीर्तनाची पूर्वतयारी होती. पहिला भाग आपण उचलला आणि त्याला पारितोषिकेही ठेवली. दुसरा भाग पुतळ्याच्या चौथऱ्यापाशी थांबला.

वऱ्हाडातील कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या दारातून कर्ज अद्याप गेलेले नाही. त्याची कारणे बाबांच्या काळाहून कितीतरी गुंतागुंतीची झाली आहेत. पावसाचा लहरीपणा, बियाण्याचा खर्च, बाजारभाव यांचा दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. तरीही उसनवारीच्या पैशांवर मांडव सजतात आणि पंगती उठतात, हेही खरे. ऋण काढून सण करावा काय, हा बाबांचा प्रश्न दापुरीच्या शेतातून आलेला होता. कीर्तनाच्या रात्री सारे गाव त्याला एका आवाजात नाही असे उत्तर देई. ते उत्तर पाळायचे मात्र दुसऱ्या दिवशी, ज्याने त्याने आपापल्या घरात, एकट्याने. बाबा तोवर पुढच्या गावाचा रस्ता झाडायला निघून गेलेले असत.